‘खोली ऐकू येते’

एका ऑडिओबुक संस्थेने माझा नमुना परत पाठवला, तेव्हा सोबत दोनच ओळी होत्या. ‘वाचन आवडलं. पण रेकॉर्डिंगमध्ये खोली ऐकू येते, त्यामुळे सध्या पुढे जाता येणार नाही.’ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट. त्या दोन ओळींनी मला पुढचे आठ महिने कामाला लावलं. माइक आणि प्रीॲम्प (माइकमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत वाढवणारं यंत्र) निवडताना मी काय काय केलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण मराठीत वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल असं मला तेव्हा फारसं काही सापडलं नव्हतं. इंग्रजीत माहितीचा डोंगर आहे. पण ती सगळी इंग्रजी उच्चार गृहीत धरून लिहिलेली, आणि हा फरक मला वाटला होता त्यापेक्षा खूप मोठा निघाला.

मी सांगलीची, शाळेत मराठी शिकवते. वर्गात गोष्ट वाचायला घेतली की मागच्या बाकावरची मुलंही गप्प होतात, एवढंच माझं भांडवल. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी एक साधा यूएसबी माइक घेतला होता, त्यावरच नमुना केला होता. नकार आल्यावर मला वाटलं, माइक हलका पडला. आठवडाभर रात्री जागून माइकांचे व्हिडिओ बघितले आणि एक महागडा माइक जवळजवळ मागवलाच. मागवण्याआधी कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला. तो पुण्यात डबिंग स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट आहे.

‘तुझ्या खोलीत मध्यभागी उभी राहा आणि एकदा जोरात टाळी वाजव,’ तो म्हणाला. ‘फोन चालूच ठेव.’

वाजवली. टाळी संपल्यावर मागे एक बारीक ‘झिर्रर्र’ राहिली. इतकी वर्षं त्या खोलीत वावरले, पण ती कधी कानावर आली नव्हती.

‘आली ऐकू? हीच तुझी खोली. आता माइक घेतलास तर ही झिर्रर्र आणखी स्वच्छ ऐकू येईल, बाकी काही बदलणार नाही. आधी पैसे भिंतींवर घाल.’

खोली दहा बाय दहाची. चौरस खोली आवाजासाठी वाईट, कारण समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्यांमधलं अंतर सारखं असतं, आणि ज्या कंपनसंख्येवर खोली घुमते ती दोन्हीकडून एकदमच उचलली जाते. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या पाच गोधड्या घरात होत्या. त्या मी दोरीवर टाकून भिंतींपासून थोड्या पुढे टांगल्या. झिर्रर्र तिथल्या तिथे गेली. मला आनंद झाला, पण मित्राला ऐकवल्यावर तो म्हणाला, ‘वरचा भाग गेलाय. खालचा तसाच आहे. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय.’ गोधडी, पडदे हे सगळं पातळ सामान वरच्या पट्टीतला आवाज शोषतं. खालच्या पट्टीतल्या घुमण्याला जाडी लागते. मग मी रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) चार इंच जाडीचे तुकडे आणले, सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, वरून सुती कापड ताणून बसवलं. चार चौकटी कोपऱ्यांत तिरक्या, दोन माझ्या मागे, एक डोक्यावर. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. मी पहिल्या दिवशी घातले नाहीत आणि दोन दिवस हात चुरचुरत होते. शिवाय बसायची जागा मध्यातून हलवून एका भिंतीकडे, जरा तिरकी केली. एवढ्याने खूप फरक पडला.

मग शांतता मोजली. ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाने आपले निकष जाहीर केलेले आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज), शिखर उणे ३ च्या वर नको, आणि कोणी बोलत नसताना उरणारा आवाज उणे ६० च्या खाली. मला तिथे काम करायचं नव्हतं, पण मोजपट्टी म्हणून हे आकडे उत्तम. माझं पहिलं मोजमाप आलं उणे ४८. फ्रिज बंद केला, पंखा तर बंदच होता, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावली, आणि रात्री साडेदहानंतर बसायला लागले. उणे ५८. शेवटचे काही डेसिबल नव्या माइकने मिळाले.

मे महिन्यात पुण्याला गेले. मित्राने रविवारी स्टुडिओ रिकामा असताना चार माइक लावून ठेवले होते: रोडचा काळा एनटी१, नॉयमानचा टीएलएम १०३, सेनहायझरचा एमकेएच ४१६ आणि शुअरचा एसएम७बी. पहिले दोन मोठ्या पडद्याचे कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणारे, विजेवर चालणारे माइक, तिसरा बंदुकीच्या नळीसारखा शॉटगन, जो जाहिराती आणि प्रोमोचे लोक फार वापरतात, आणि चौथा डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारा, कमी संवेदनशील माइक, पॉडकास्टच्या प्रत्येक व्हिडिओत दिसतो तो.

त्याने मला ‘पीटर पायपर’ची इंग्रजी ओळ वाचायला दिली, सगळीकडे तीच वापरतात म्हणून. मी वाचली. चारही माइकांवर श्वासाचा एकसुद्धा फटका, म्हणजे ‘धप्प’ असा आवाज, बसला नाही. तो चकित झाला, आणि मला माझ्या विषयाचा उपयोग झाला. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’मागे श्वासाचा झोत येतो, म्हणून ते लोक ‘प’ला घाबरतात. आपला ‘प’ अल्पप्राण आहे. मी ते इंग्रजी शब्द मराठी ‘प’ने वाचत होते, मग फटका बसणार कुठून? आपला झोत येतो तो फ, भ, थ, ध, ख, घ यांच्यामागे. तळहात तोंडासमोर धरून आधी ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’ म्हणा, कळेल. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपले दंततालव्य च, ज आणि झ. चमचा, चोर, चाक, जाड, माझा. यात जीभ दातांशी घासते आणि ‘स’सारखी धार निघते. ‘चंद्र’ आणि ‘चिमणी’त ती नाही. इंग्रजी परीक्षणात एखाद्या माइकवर ‘स’ जरा टोचतो असं म्हटलं, तर मराठीत तो माइक ‘स’, ‘च’, ‘ज’, ‘झ’ अशा चार ठिकाणी टोचणार.

मी तिथेच बसून एक ओळ तयार केली आणि चारही माइकांवर तीच वाचली:

‘भाऊंनी फडताळातून चमचा काढला, फुंकर घालून धूळ उडवली, आणि झाकणाखालचा जाड साखरेचा थर सावकाश खरवडला.’

ज्याला मराठी वाचनासाठी माइक पारखायचा आहे, त्याने ही किंवा अशी स्वतःची ओळ बरोबर न्यावी.

पहिल्या फेरीत भा आणि फु यांनी दोन्ही कंडेन्सर धडाडले. मित्राने पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी) माइकपासून चार बोटं पुढे लावला, माइक तोंडाच्या रेषेच्या जरा वर नेला आणि थोडा तिरका केला, म्हणजे झोत खालून निघून जातो. तोंड वीतभर लांब. दुसऱ्या फेरीत भा साफ आला.

मग त्याने चारही फायलींना क, ख, ग, घ नावं दिली आणि सगळ्यांची पातळी एकसारखी करून दिली. हे फार महत्त्वाचं. दोन आवाजांतला एक जरी थोडा मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. मी तिथे ऐकलं, रात्री बहिणीच्या घरी ऐकलं, सकाळी परत ऐकलं. ‘ख’ पहिल्या ऐकण्यात सर्वांत देखणा वाटला होता, पण दहा मिनिटं सलग ऐकल्यावर चमचा आणि झाकण कानाला लागायला लागले. तो टीएलएम १०३ होता. पाच हजार हर्ट्झच्या वर त्यात चार डेसिबलचा मुद्दाम दिलेला उठाव आहे. भरदार पुरुषी आवाजाला तो खुलवतो, माझ्या आवाजात मात्र तिथे आधीच धार आहे. शॉटगन स्टुडिओत सुंदर ऐकू आला, पण मित्रानेच सावध केलं: लहान खोलीत, जवळच्या भिंतींमुळे, नळीच्या बाजूने येणारा परतीचा आवाज रंग बदलून आत शिरतो. एसएम७बी मऊ होता, च-ज अगदी शांत. पण कादंबरीतला हळू आवाजातला संवाद वाचला तेव्हा तो अंगावरून निघून गेला, जवळ आला नाही. मी ज्यावर बोट ठेवलं तो ‘क’, म्हणजे एनटी१. चौघांतला सर्वांत स्वस्त. त्याचा स्वतःचा कुजबुजता आवाज फक्त ४.५ डेसिबल आहे, आणि वरची पट्टी बरीचशी सपाट.

प्रीॲम्पचं प्रकरण मला सर्वांत अवघड वाटत होतं. माझ्याकडे फोकसराइटचा स्कारलेट सोलो होता, तिसऱ्या पिढीचा. माइक संगणकाला जोडणारी ही छोटी पेटी, प्रीॲम्प तिच्यातच असतो. सगळीकडे वाचलं होतं की चांगला प्रीॲम्प घेतल्याशिवाय आवाजाला ऊब येत नाही. मित्राने कागदावर आकडे मांडले, आणि ते मला इतके पटले की तो कागद अजून जपून ठेवला आहे. एकाच मोठ्या आवाजावर, म्हणजे ९४ डेसिबलवर, एनटी१ मधून ३५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. एसएम७बी मधून १.१२. एकतीसपटींचा फरक, म्हणजे ३० डेसिबल. एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन (म्हणजे प्रीॲम्पने द्यायची वाढ) लागतो असं शुअर स्वतःच सांगते, आणि माझ्या सोलोमध्ये एकूण गेनच ५६. म्हणजे बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज अपुरा, आणि इतक्या गेनवर प्रीॲम्पची स्वतःची सळसळ वर येते. त्यासाठीच लोक मध्ये क्लाउडलिफ्टर नावाची छोटी पेटी लावतात. तो ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच येणाऱ्या विजेवर, चालतो आणि २५ डेसिबल भर घालतो. एनटी१ला मात्र तिशीच्या आसपास गेन पुरतो. तिथे प्रीॲम्पची सळसळ माइकच्या खाली दबून जाते.

‘आणि सळसळीलाही तळ असतो,’ तो म्हणाला. १५० ओहमच्या कुठल्याही वस्तूत उष्णतेमुळेच जो आवाज निर्माण होतो तो साधारण उणे १३१ डीबीयू (विद्युतसंकेताची पातळी मोजायचं एकक). माझ्या सोलोचा आकडा उणे १२८. लाखभर रुपये मोजून जास्तीत जास्त तीन डेसिबल मिळणार, तेही ज्या माइकला गरज आहे त्यालाच. त्याने एनटी१ आधी सोलोवर आणि मग स्टुडिओतल्या मोठ्या प्रीॲम्पवर लावला, पातळी जुळवली, आणि मला न सांगता आलटून पालटून दहा वेळा ऐकवलं. मी पाच वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे ओळखलंच नाही. प्रीॲम्पवर खर्च करायचा नाही हे मी त्या दुपारी ठरवलं आणि अजून त्यावर ठाम आहे. रिबन किंवा डायनॅमिक, म्हणजे क्षीण संकेत देणारा, माइक घेणाऱ्याने मात्र हाच हिशेब आधी कागदावर करावा.

माइक घरी आणला आणि पहिल्याच रात्री मागे ‘घूंऽऽ’ असा आवाज. तासभर तारा बदलत बसले. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं थांबली. वायरमनला बोलावलं, तर त्या खोलीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच जोडलेलं नव्हतं. त्याने जोडून दिलं. तरी मी आजही वाचनाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवरच ठेवते. त्यानंतरचं मोजमाप उणे ६३.

ऑगस्टमध्ये दुसरा प्रश्न आला. चार दिवस संततधार होती, आणि रेकॉर्डिंगमध्ये मधूनच चरचर, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. माइक बिघडला म्हणून मी घाबरले. कंडेन्सरच्या पडद्यावर विद्युतभार टिकून राहावा लागतो. ओल धरली की तो गळतो आणि अशी तडतड होते. माइक रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तेव्हापासून काम झालं की माइक डब्यात जातो. एमकेएच ४१६ची रचना रेडिओ कंपनांवर चालणारी असल्यामुळे तो दमट हवेत टिकतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्याने हा मुद्दा लक्षात घ्यावा, अर्थात आधी खोली नीट करून.

ऑक्टोबरमध्ये तोच उतारा पुन्हा वाचून त्याच संस्थेला पाठवला. आता त्यांच्यासाठी चौथं पुस्तक वाचते आहे. खोलीतल्या गोधड्या तशाच आहेत, फक्त दर दिवाळीला धुते. कोकीळ मात्र माझ्या हातात नाही. चैत्रात समोरच्या आंब्यावर तो पहाटे पाचच्या आतच सुरू करतो, आणि रॉकवूल, रबरी पट्टी काहीही त्याला अडवू शकत नाही. त्या दिवसांत मी साडेचारला शेवटचं वाक्य वाचते, एक मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घेते, आणि माइक डब्यात ठेवते.