मूळ सोडा आधी

तिला टेबलावर घेतलं तेव्हा ओटीपोटाशी काळा दोरा दिसला. त्यात बोटभर लांबीचं मूळ, माती अजून चिकटलेली. विचारायची गरजच नव्हती. आघाडा.

19 वर्षं मी बाळंतपणं करते आहे, बहुतेक खेड्यातल्या आरोग्य केंद्रांत. बाई अडू नये, लवकर सुटावी म्हणून आघाड्याचं मूळ कमरेला किंवा केसांत बांधतात, हे मला नवं नाही. पूर्वी मी एक शब्द न बोलता कात्री घेऊन दोरा कापायचे. त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एक बाई तापाने फणफणलेली आली होती. दिवस राहिले होते, नको होते. कोणीतरी आघाड्याचीच मुळी गर्भपिशवीच्या तोंडात घातली होती. या मुळाच्या अर्काने गर्भ पडतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तिला मारलं ते मुळीबरोबर आत गेलेल्या जंतूंनी. जिल्ह्याला पोचेपर्यंत ती गेली. तेव्हापासून श्रावणात जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घालताना माझा हात अडतो. लेकरं जगव म्हणून जिच्यापुढे हात जोडायचे, तिच्या गळ्यात हीच वनस्पती.

या वेळी दोरा कापला नाही, कारण त्या मुलीने मूळ मुठीत धरून ठेवलं होतं आणि दाराशी तिची आजेसासू उभी होती. आजी बोलायला खमकी. आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता वाहून ‘उद्या न्यायला येते’ म्हणून सांगायचं, पहाटे कोणाशी न बोलता लाकडाने उकरून काढायचं, लोखंड लावायचं नाही, हे सगळं तिने मला सांगितलं. मग दोन अटी सांगितल्या. एक, मूळ बाहेरच बांधायचं, आत काही म्हणजे काही घालायचं नाही. दुसरी, पोर सुटलं की त्या घटकेला मूळ सोडायचं. "ऱ्हायलं तर वढतच ऱ्हातं बाई. अंग भाईर येतं. बाई रिती व्हती."

पहिली अट ऐकून मी कात्री खाली ठेवली.

दुसरीवर विचार करत बसले, कारण आमच्याकडेही असंच एक औषध आहे. ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत 10 युनिट स्नायूत द्यायचं, पिशवी आवळते, रक्त थांबतं, बाई वाचते. तेच इंजेक्शन बाळ आत असताना ‘कळांचं’ म्हणून दंडात ठोकलं तर पिशवी फाटू शकते, बाळ आतल्या आत गुदमरू शकतं. हे ठोकणारे महाभाग अजूनही आहेत, आणि ‘सिस्टर, देऊन टाका ना एक, सुटू दे तिला’ म्हणणारे नातेवाईक तर रोज आहेत. शिवाय ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं. आमचा फ्रीज लाइट गेली की बंद. इन्व्हर्टरसाठी मी चार वेळा लेखी मागणी केली, चारही वेळा ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. त्या रात्री लाइट संध्याकाळपासून नव्हती. बर्फाच्या डब्यात ठेवलेली अँप्युल मी वापरली. तिची ताकद किती उरली होती, हे काचेवरून कळत नाही.

डॉक्टर दुसऱ्या केंद्रावर अडकलेले. मी आणि मदतीला मावशी, एवढ्याच.

बाळ 3 वाजून 10 मिनिटांनी झालं. मुलगी, निळसर, ढिली, रडली नाही. भरून ठेवलेलं इंजेक्शन मांडीत दिलं, बाळ पुसलं, चोळलं, तरी काही नाही, मग तोंडावर मास्क लावून हवा देणारी अंबू बॅग. साधारण मिनिटभरात श्वास आला. परत आईकडे. वार पूर्ण पडली, तुकडे जुळवून पाहिले, पिशवी चोळली, नारळासारखी टणक लागली. तेवढ्यात बाळ कण्हायला लागलं म्हणून मी पुन्हा वॉर्मरकडे वळले. पिशवी दर 15 मिनिटांनी पाहायची असते. आत्ताच पाहिली होती.

दाराबाहेर आजीचा एकच धोशा. "मूळ सोडा आधी! पोर सुटलं, मूळ सोडा!" मावशी तिला गप्प करत होत्या. मलाही राग आला होता. पण ती थांबेना, आणि बाळाचं कण्हणं कमी झालं होतं, म्हणून आवाज बंद व्हावा एवढ्यासाठीच मी गेले आणि दोऱ्याच्या गाठीला हात घातला.

गाठ बेंबीच्या खालीच होती. तळहात पोटावर टेकला आणि खाली काही लागलंच नाही. टणक नारळ नाही, काही नाही. भिजलेल्या कणकेसारखं पोट. चादर वर केली तर कमरेखाली रक्ताचं थारोळं. ते वरून दिसत नव्हतं, कारण पाठीखालच्या खोलगटात साचलं होतं. बाळंतीण हूं की चूं करत नव्हती. रक्त जाणाऱ्या बाया ओरडत नाहीत, जांभया देतात.

दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. मी पिशवी मुठीत धरून चोळायला लागले, गुठळ्या बाहेर आल्या. मावशींना सलाईन जोडायला लावलं, त्यात 20 युनिट ऑक्सिटोसिन, जिभेखाली पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या. लघवीची पिशवी तुंबली होती. ती भरलेली असली की गर्भाशय आवळत नाही, म्हणून नळी घालून रिकामी केली. तरी पिशवी ढिलीच, तेव्हा एक हात आत आणि एक पोटावर, दोन्हींमध्ये दाबून धरली. माझे हात बधिर झाले. 108 यायच्या आत ती हाताखाली आवळत गेलेली मला कळली. उपजिल्हा रुग्णालयात तिला दोन बाटल्या रक्त चढलं.

आठवड्याने आजी आली. मूळ परत मागत होती, झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायचं असतं म्हणे. रक्ताने भिजलेलं म्हणून मी ते दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं होतं, तसं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"वारंबरुबर गेलं का?"

"हो."

"मग असू द्या."

केसपेपरवर मी ‘तपासणीत पिशवी मऊ आढळली’ असं लिहिलं आहे. ते खोटं नाही. हात तिथे कशासाठी गेला होता, ते लिहिलेलं नाही. आता भरती करतानाच मी प्रत्येकीला ‘आत काही घातलंय का’ असं स्पष्ट विचारते. बाहेर दोरा बांधलेला असेल तर राहू देते, आणि बाळ झाल्यावर स्वतः सोडते. दुसरा हात पिशवीवर.

बरोबरची सिस्टर म्हणते, 15 मिनिटं व्हायच्या आत तू पाहिलंच असतंस. पाहिलंच असतं. पण त्या रात्री गाठीला हात घालताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. आधीचं चोळून 6 मिनिटं झाली होती. पुढच्या तपासणीला अजून 9 होती.