मोटर मोठी घेऊन टेम्पो आला होता, पण गरज पाइपाची होती

तळेगावच्या पुढे मावळात एका पॉलीहाउसवर मला बोलावलं होतं ते नवी मोटर बसवायला. दहा गुंठ्याचं शेड, आत एनएफटी, म्हणजे उथळ चॅनेलमधनं खताचं पाणी पातळ थराने सतत वाहतं, मुळं त्यात असतात आणि पाणी परत टाकीत येतं, तेच फिरत राहतं. १२ मीटर लांबीचे ९६ चॅनेल, सगळीकडे लेट्यूस. मी पोचलो तेव्हा दोन एचपीचा पंप टेम्पोतनं उतरवायला सुरुवात झाली होती. शेडचे मालक, दादा, म्हणाले, आत्ताची एक एचपी पुरत नाहीये, शेवटचे चॅनेल रोज दुपारी माना टाकतात, दुकानदार म्हणाला डबल घ्या.

मी म्हटलं बसवू, पण आधी तासभर मोजू द्या.

तिथे काम करणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी मला थेट शेवटच्या ओळीकडे नेलं आणि म्हणाल्या, "ह्यात पाणी चालत नाही ओ, नुसतं ओलं राहतंय. रोग नाय हा. संध्याकाळी परत उभी राहतात की झाडं." त्याआधी कुणीतरी मूळकूज सांगून औषध सोडायला लावलं होतं. मावशी म्हणत होत्या तेच बरोबर होतं, मुळं उपटून बघितली तर पांढरी होती, फक्त टोकाला सुकलेली.

मग मेजरिंग जार आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. लेट्यूसला एका चॅनेलला मिनिटाला एक ते दोन लिटर लागतं, मी दीड धरतो. पहिल्या चॅनेलला दोन लिटर येत होतं आणि शेवटच्याला जेमतेम अर्धा. सगळं मिळून शंभरच्या आसपास, आणि हवं होतं १४४ लिटर मिनिटाला.

आता पाइप बघितला. टाकीपासून शेडपर्यंत ४० मीटर मेन लाइन, एक इंची पीव्हीसी, म्हणजे आतनं साधारण २८ मिलिमीटर. तिथेच कळलं. १४४ लिटर ह्या पाइपातनं न्यायचं म्हणजे पाणी सेकंदाला जवळजवळ चार मीटर वेगाने पळणार, आणि मी दीडच्या वर कधी जाऊ देत नाही. घर्षणाचा हिशोब केला तर नुसत्या ह्या ४० मीटरमध्ये २० मीटर हेड, म्हणजे पाणी २० मीटर उंच चढवायला लागेल तेवढा जोर, खर्च होणार! खरी उंची किती, तर टाकीतल्या पाण्यापासून चॅनेलपर्यंत सव्वादोन मीटर. म्हणजे मोटर पाणी वर चढवायला राबतच नव्हती, ती पाइपाशी झगडत होती. तोच पाइप दोन इंची टाकला की ४० मीटरला अर्धा-पाऊण मीटर हेड जातो, बस. व्यास दुप्पट झाला की घर्षण जवळपास तिसाव्या हिश्श्यावर येतं हे लोकांना सांगून पटत नाही, कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा दादा गप्प झाले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले थांब जरा.

दोन एचपी लावली असती तर शंभराचे फार तर सव्वाशे झाले असते, शेवटचा चॅनेल तरीही उपाशीच, आणि चोवीस तास चालणारी मोटर, दिवसाला ३६ युनिट, वरनं त्यातली बरीचशी वीज उष्णता होऊन पाण्यात जाणार. मार्च संपत आला होता. पाणी २० अंशाला असेल तर लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० ला साडेसातच, आणि मुळांना श्वास तिथनंच घ्यायचाय.

वार गुरुवार होता, आमच्याकडे मेंटेनन्सला लाइट जाते तो वार, आणि जेवायच्या वेळेला गेलीच. मोटर थांबली, चॅनेलमधलं सगळं पाणी परत यायला लागलं आणि बघता बघता टाकी भरून बाहेर वाहायला लागली, खताचं पाणी सरळ मातीत! दादा धावत आले, म्हणाले हे नेहमीचंच आहे, थोडं सांडतं. मी विचारलं, ईसी, म्हणजे पाण्यात खत किती आहे ते दाखवणारा आकडा, तो पण आपोआप कमी होतो का? म्हणाले हो ना, रोज ए-बी, म्हणजे खताची दोन द्रावणं, ओतावी लागतात. आता कारण समोर होतं. मोटर चालू असताना सुमारे ३०० लिटर पाणी चॅनेलमध्ये असतं, तेवढी टाकी रिकामी दिसते, आणि फ्लोटने, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणाऱ्या तरंगत्या कॉकने, ती साध्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवलेली. लाइट गेली की ते ३०० लिटर परत येऊन खतासकट सांडतात, लाइट आली की फ्लोट पुन्हा साधं पाणी घेतो. ह्याने किती खत मातीत गेलं असेल ह्या विचाराने मला खरंच वाईट वाटलं. फ्लोट तिथल्या तिथे खाली घेतला, चालू लेव्हल आणि बंद लेव्हल अशा दोन खुणा मार्करने केल्या आणि मावशींना दाखवून ठेवल्या.

लाइट आल्यावर काम सुरू केलं. जुनी लाइन चालूच ठेवायची, कारण एनएफटीत पाणी थोडा वेळही बंद ठेवायला जीव होत नाही, त्या उन्हात तर नाहीच. शेजारनं दोन इंची मेन टाकली. शेडच्या तोंडाची २४ मीटरची सबमेन, म्हणजे सगळ्या चॅनेलना पाणी वाटणारा पाइप, एक इंचीच होती आणि तिला एका टोकानं पाणी. ती काढली नाही, तिला मोठ्या पाइपातनं दोन ठिकाणी, पाव आणि पाऊण अंतरावर टी मारून पाणी दिलं. एका टोकानं देताना तिच्यात दोन मीटरच्या वर हेड जायचा, आता दहा सेंटिमीटरपण नाही. पितळी कॉक होते ते काढून पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह लावले, खताच्या पाण्यात पितळातलं तांबं-जस्त उतरतं.

संध्याकाळी जोडणी बदलली पण कॉक अर्धाच उघडला. परतीचा पाइप दोन इंची होता आणि १ टक्का उतारावर गुरुत्वाने तो मिनिटाला ९५ लिटरच्या आसपासच नेतो, १४४ सोडलं असतं तर शेडमध्ये तळं. दुसऱ्या दिवशी चार इंची टाकला, तो अर्धाही भरत नाही, आणि वरचा मोकळा भाग मला हवाच असतो, पाण्याबरोबर हवा जाते. मग पूर्ण सोडलं तर क्लॅम्प मीटरवर मोटर अँपिअर जास्त घ्यायला लागली. पाटीवर हेड ६ ते २४ लिहिलेलं, आणि आता तिला पुढे अडवायला काहीच नव्हतं. बरेच जण इथे बायपास काढतात, म्हणजे जास्तीचं पाणी दुसऱ्या पाइपाने परत टाकीत सोडतात, त्याने फ्लो अजून वाढतो आणि मोटर अजून तापते. डिलिव्हरीचा कॉक आवळला, अँपिअर खाली आले. ह्या कामाला कमी हेडची अर्धा-पाऊण एचपीच लागते, पुढच्या वेळी तीच घ्या असं दादांना सांगितलंय.

शेवटच्या चॅनेलचं माप मावशींनीच घेतलं, मिनिटाला एक लिटर चारशे मिली. दुकानदाराने दोन एचपीच्या पंपाचे पैसे परत दिले नाहीत, पण बदल्यात पाइप आणि फिटिंग दिले. टाकीवर सावली अजून झालेली नाही, दुपारी पाणी २९ अंशाला जातंय, त्याचं शेडनेट ह्या आठवड्यात.