डेडलिफ्ट ७० ते १००: तेरा आठवड्यांची वही आणि रॅकभोवतीची माणसं

जुलैच्या पहिल्या सोमवारी नवी वही काढली. वय ४४, वजन ६१ किलो. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बसून उठणं) ४५ किलो (५ रेपचे ३ सेट, म्हणजे सलग पाच वेळा, असं तीनदा), बेंच (आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) ३५ किलो (तेवढेच), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहणं) ७० किलो (५ रेपचा एकच सेट). सोमवारी आणि शुक्रवारी स्क्वॉट-बेंच, बुधवारी डेडलिफ्ट आणि उभ्यानं ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं). नवरात्रात १०० किलोचा रॉड जमिनीवरून एकदा उचलायचा, एवढंच ठरवलं होतं.

वहीत फक्त आकडे लिहायचे होते. आता चाळते तर निम्म्या पानांच्या समासात माणसांबद्दल लिहिलेलं आहे. कोणी प्लेट (रॉडला लावायची गोल वजनं) काढल्या नाहीत, कोणी रॅक (रॉड टेकवायची खांबांची चौकट) अडवला, कोणी न विचारता रॉडला हात लावला. ही पानं आणि आकड्यांची पानं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कळलं की आकडे कुठे अडले आणि कुठे सुटले, त्याचं उत्तर बऱ्याचदा समासातच आहे. म्हणून दोन्ही एकत्र लिहिते आहे.

आमची जिम पुण्यात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. स्क्वॉट रॅक एकच. बेंच दोन, सातफुटी ऑलिम्पिक रॉड तीन (रॉड स्वतःच २० किलोचा, तो आकड्यांत धरलेला आहे), झेड रॉड (छोटा, वाकडा रॉड) दोन, एक स्मिथ मशीन, एक लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन). मी ऑफिस सुटल्यावर साडेसहाला पोचते, आणि अर्धं पुणं त्याच वेळी पोचतं.

आठवडा १ ते ३

स्क्वॉटचे ६ दिवस ठरलेले, प्रत्यक्षात झाले २. बाकी चार दिवस रॅकमध्ये कोणीतरी होतं. दोनदा तर झेड रॉड घेऊन रॅकच्या आत उभं राहून बायसेप चालू होते. झेड रॉड जमिनीवरून सहज उचलता येतो, तो मारायला कुठलाही कोपरा चालतो. पण रॅकशिवाय खांद्यावर जड रॉड घ्यायला दुसरी जागा नाही. चारही वेळा मी वीस मिनिटं आजूबाजूला घुटमळले, आरशात बघत राहिले आणि शेवटी लेग प्रेसवर गेले. स्क्वॉट ४५ वरच राहिला. डेडलिफ्ट मात्र ७०, ७२.५, ७५ अशी नीट गेली, कारण तिला जमीन आणि रॉड एवढंच लागतं.

आठवडा ४

बुधवार. डेडलिफ्टचा रॉड भरायला गेले तर प्लेटच्या स्टँडवर २० ची एकही प्लेट नाही. आठ प्लेट लेग प्रेसवर, १६० किलो, आणि भरणारा घरी गेलेला. उरलेल्या बेंचवाल्यांकडे. मला दोनच हव्या होत्या, पण माझ्या मागे जिममध्ये येऊन महिनाही न झालेली एक मुलगी उभी होती. तिला रिकामं मशीन हवं होतं आणि २० ची प्लेट तिला एकटीला पेलत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून आठही उतरवल्या. वाकून, वळून, स्टँडपर्यंत नेऊन. मग ७५ ला तीनच रेप आल्या, चौथ्या रेपला रॉड गुडघ्याखाली थांबला. आदल्या रात्रीची झोपही कमी होती, सगळा दोष प्लेटवर टाकत नाही. पण पाय आणि कंबर कामाला लावायच्या आधी दुसऱ्याचे १६० किलो उतरवावे लागले, हे खरं.

त्या रात्री कोल्हापूरला फोन केला तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा तरुणपणी तालमीत जायचे. मी लहान असताना मुलींनी आत जायची पद्धत नव्हती, मी दारातून बघायचे. चपला बाहेर, उतरताना हौद्यातली (कुस्तीच्या आखाड्यातली) माती कपाळाला. जोर सुरू व्हायच्या आधी फावड्यानं माती खणायची, खेळून झालं की सारखी करायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. तिचा वास मला आजही आठवतो. बाबा सांगतात, माती सारखी करणं हे वेगळं काम कधी वाटलंच नाही, तोही व्यायामच होता. नवं पोर आलं की आधी त्याच्या हातात फावडं.

मग त्यांनी विचारलं, "आणि रॅकवाल्याला तू काही बोललीस व्हय?"

नव्हते बोलले.

आठवडा ५

सोमवारी रॅकमध्ये कॉलेजचा एक मुलगा स्क्वॉट मारत होता. आजवर मी अशा वेळी "किती सेट राहिलेत?" असं विचारायचे. उत्तर यायचं "चार", आणि मी निघून जायचे. यावेळी त्यानं रॉड ठेवेपर्यंत थांबले, त्याच्या आरशाच्या रेषेत न येता बाजूनं गेले आणि म्हटलं, "मध्ये मध्ये मारू का?" त्यानं कानातलं काढलं. "या की ताई."

"किती राहिलेत" या प्रश्नात समोरच्याला घाई केल्यासारखं होतं. "मध्ये मध्ये मारू का" म्हटलं की जागा वाटून घेता येते. हिशोब करून बघा. एका सेटला साधारण ४० सेकंद, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. पाच सेटना एका माणसाला १५ मिनिटं लागतात. तिघं एकामागोमाग आले तर ४५ मिनिटांच्या वर. तेच तिघं एकाच रॅकवर आलटून पालटून आले, आणि दर वेळी प्लेट बदलायला अर्धा मिनिट धरला, तर साडेतीन मिनिटांत एक फेरी होते. पाच फेऱ्या १८ मिनिटांच्या आत. प्रत्येकाला जवळजवळ तीन मिनिटं विश्रांती मिळते ती वेगळीच. जड सेटनंतर स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा (झटपट ताकदीच्या इंधनाचा) साठा बराचसा भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हणजे ती विश्रांती घ्यायचीच आहे. दुसऱ्याच्या सेटमध्ये ती आपोआप मिळते.

फरक एवढाच की विश्रांतीत मोबाइल नसतो, हातात प्लेट असते. त्याचे ८०, माझे ४७.५. मी उजवीकडची उतरवली की तो डावीकडची. शुक्रवारी ५०.

डेडलिफ्ट ७५, पाचही रेप.

आठवडा ६

स्क्वॉट ५२.५, डेडलिफ्ट ७७.५, बेंच ३७.५.

एक अपघात थोडक्यात टळला. बेंचवर दोन्ही बाजूंना ४०-४० लावलेला रॉड होता. एकानं एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी काढल्या. रॉड दोन खांबांवर टेकलेला असतो आणि प्लेट त्या आधाराच्या बाहेर लटकतात. एक बाजू रिकामी आणि दुसरीकडे ४० किलो असले की ताजव्यासारखा रॉड उलटतो. उलटलाच. रिकामं टोक वर उसळलं, भरलेलं खाली आदळलं. शेजारच्या काकांचा पाय वीतभर लांब होता म्हणून वाचला. नवीन लोकांना हे कोणी सांगत नाही. एक प्लेट इकडची, मग एक तिकडची. आणि दोघं उतरवत असाल तर एकमेकांकडे बघून.

आठवडा ७

बेंच ४०. या आकड्यासाठी मी महिनाभर थांबले होते. घरून अर्ध्या किलोच्या दोन छोट्या प्लेट आणते, कारण जिममधली सगळ्यात लहान १.२५ ची आहे आणि बेंचला एकदम अडीच किलोची उडी मला झेपत नाही. ३७.५, ३८.५ करत इथवर आले होते.

तिसरा सेट, चौथी रेप हळू वर चालली होती. हळू, पण चालली होती. डोक्यामागून दोन हात आले आणि रॉड वर गेला. "उचला ताई, उचला!" त्या मुलाचा हेतू चांगला होता, मला शंका नाही. पण ती रेप माझी झाली नाही. वहीत ४० समोर ५, ५ आणि ३ लिहिलं. चौथी आली असती का, हे कधीच कळणार नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचं होतं.

सपोर्ट देणाऱ्यानं आधी विचारायचं आणि घेणाऱ्यानंही आधी सांगायचं. माझं वाक्य आता ठरलेलं आहे: "पाच मारणार आहे. रॉड खाली यायला लागला किंवा मी 'घे' म्हटलं तरच हात." स्क्वॉटला मी कोणाचा सपोर्ट घेत नाही. मागून चिकटून उभं राहणं मला नको असतं, आणि त्याची कारणं सांगायला लागू नयेत. सेफ्टी पिन (रॅकमधल्या आडव्या आधाराच्या दांड्या) योग्य उंचीवर लावल्या की बसून रॉड त्यांच्यावर सोडता येतो.

आठवडा ८

डेडलिफ्ट ८२.५.

खालच्या दुकानदाराची तक्रार आली. दोघं-तिघं डेडलिफ्टची शेवटची रेप वरून सोडून देतात आणि खाली छताचा गिलावा पडतो. त्यातला एक म्हणाला, "पॉवरलिफ्टिंग असंच असतं." असं अजिबात नसतं. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पंचाची 'डाउन' खूण मिळाल्यावर दोन्ही हातांच्या ताब्यात ठेवून रॉड खाली आणावा लागतो. सोडला तर लिफ्ट बाद. हे मी त्याला बाजूला घेऊन, शांतपणे सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी तो खाली आणत होता, आणि त्याचा १४० वरून १३० झाला. खाली आणण्याची ताकद त्यानं कमावलीच नव्हती.

आठवडा ९

गणपती. जिम रिकामी, रॅक रिकामा, मिरवणुकीचे ढोल खिडकीतून. स्क्वॉट ६०, डेडलिफ्ट ८५. पावसामुळे बाहेरचेच बूट घालून येणारे दोघं होते. रबरी मॅटवर चिखल, आणि त्या मॅटवर नंतर कोणीतरी पोटाचे व्यायाम करायला आडवं झालं. जिमचे बूट वेगळे पिशवीत आणा, नॅपकिन आणा, उठताना बेंच पुसा. याहून जास्त लिहायची गरज नाही.

आठवडा १०

डेडलिफ्ट ८७.५, पाठ गोल होते आहे का ते बघायला व्हिडिओ काढला. मोबाइल डंबेलच्या स्टँडसमोर ठेवला होता. सेट झाल्यावर पाहिलं तर चौथ्या रेपला मागे एक बाई व्यायाम करताना पूर्ण दिसत होती, आणि एक मुलगा १५ चे डंबेल हातात घेऊन माझा सेट संपायची वाट पाहत उभा होता, फ्रेममध्ये येऊ नये म्हणून. चूक माझी होती. त्या बाईंना दाखवून व्हिडिओ पुसला, मुलाची माफी मागितली. आता मोबाइल माझ्याच पाण्याच्या बाटलीला टेकवून, भिंतीच्या बाजूला तोंड करून ठेवते.

आठवडा ११

९० किलो. या आठवड्यात मला दोन सल्ले मिळाले.

पहिला, रॉड अजून माझ्या हातात असताना. "मॅडम, एवढं घेऊ नका, कंबर जाईल. बायकांनी हलकं वजन, जास्त रेप." तिसऱ्या रेपला मी श्वास धरलेला असताना हे कानावर पडलं आणि पोटाचा ताण सुटला. कंबर जायची शक्यता निर्माण झाली असेल तर ती त्या क्षणी. रॉड खाली ठेवला आणि म्हटलं, "सेट चालू असताना बोलू नका." त्यांना वाईट वाटलं. वाटू दे.

दुसरा सल्ला त्याच काकांचा, ज्यांचा पाय आठवडा ६ मध्ये वाचला. साठीतले आहेत, रोज येतात, फार बोलत नाहीत. माझा सेट संपला, मी पाणी प्यायले, वहीत लिहिलं, तोवर ते थांबले. मग म्हणाले, "एक सांगू का? नको असेल तर नको म्हणा." मी हो म्हटलं. "सुरुवातीला रॉड नडगीपासून दोन बोटं पुढे जातोय तुमचा." एवढं बोलून ते आपल्या जागी गेले. घरी व्हिडिओ पाहिला. दोन बोटं नाही, तीन होती. रॉड जितका पुढे, तितका कंबरेवरचा भार जास्त. म्हणजे दोघांनाही माझ्या कंबरेचीच काळजी होती. एकानं मला पाहिलं नव्हतं, दुसऱ्यानं तीन महिने पाहिलं होतं.

आठवडा १२

९२.५, पाचही रेप, रॉड नडगीला घासत. लांब मोजे घ्यायला हवेत. स्क्वॉट ६२.५. बेंच ४१, ५-५-५, एकही हात न लागता.

आता सोमवारी रॅकवर आम्ही चौघं असतो. चारपेक्षा जास्त झाले की फेरी लांबते आणि अंग थंड पडतं, म्हणून पाचव्याला आम्ही स्वतःच सांगतो, "दहा मिनिटांत मोकळा होतो."

आठवडा १३

घटस्थापनेनंतरचा बुधवार. रिकामा रॉड ५ रेप, ६० ला ३, ७५ ला २, ८५ ला १, ९२.५ ला १. मग १००. दोन्हीकडे २० च्या दोन-दोन.

रॉड जमिनीवरून सुटायलाच दोन सेकंद लागले. गुडघ्यापाशी अडखळला नाही. वर सरळ उभी राहिले, दोन्ही हातांनी खाली आणला.

कॉलेजच्या त्या मुलानं टाळ्या वाजवल्या आणि न बोलता डावीकडची प्लेट काढायला वाकला. मी उजवीकडची काढली.

पुढचं: एक आठवडा हलका, डेडलिफ्ट ७० ला ३ सेट. मग ८५ पासून पुन्हा, यावेळी दर आठवड्याला दोन किलोनं, दिवाळीत सुट्टी घेऊन. बेंचसाठी पाव किलोच्या प्लेट शोधते आहे, कोणाला पुण्यात मिळाल्या असतील तर सांगा.