मे महिन्यातला कूलर आणि तरंगणारी गोळी

तक्रार फुगलेल्या ब्लिस्टरची होती. मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅमची, पोटात तरंगत राहून औषध हळूहळू सोडणारी गोळी. पॅकिंगनंतर थोड्याच दिवसांत काही कप्प्यांचं फॉइल वर आलेलं. युनिट नागपूरच्या एमआयडीसीतलं, लहानसं. पर्चेसवाल्यांचा निकाल आधीच लागला होता: एचपीएमसीचा, म्हणजे पाण्यात फुगून जेल होणाऱ्या पॉलिमरचा, नवा लॉट खराब आहे. पॅकिंगवाले सीलिंगचं तापमान धरून बसले होते. आमच्याकडे नमुने आले ते 'पॉलिमर तपासून द्या' एवढ्याच चिठ्ठीसह.

कागदोपत्री बॅच पास होती. अ‍ॅसे (औषधाचं प्रमाण) ठीक, हार्डनेस ठीक, फ्रायबिलिटी (गोळीची झीज) एक टक्क्याच्या आत, बारा तासांचा रिलीज जानेवारीतल्या ट्रायल बॅचशी जुळणारा. तरंगायला लागणारा वेळ, म्हणजे लॅग टाइम, ट्रायलमध्ये 40 सेकंद होता, या बॅचमध्ये सव्वा मिनिट. मर्यादा तीन मिनिटांची, त्यामुळे तिकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

मेटफॉर्मिन शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात. साधी सस्टेन्ड रिलीज गोळी खाली सरकली की उरलेलं औषध वाया जातं. म्हणून गोळी जठरातच थांबवायची. रिकाम्या पोटात दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट येते आणि जठर झाडून काढते. तिच्यापुढे तरंगणाऱ्या गोळीचंही फारसं चालत नाही. जेवण झालेलं असेल तर ती लाट थांबते. म्हणूनच या गोळीच्या खोक्यावर 'जेवणासोबत घ्या' असं छापलेलं असतं.

फॉर्म्युला नेहमीच्या वळणाचा. गोळी 940 मिलिग्रॅमची: मेटफॉर्मिन 500, एचपीएमसी के100एम 250, सोडियम बायकार्बोनेट 120, निर्जल सायट्रिक अ‍ॅसिड 30, पीव्हीपी के30 30 आणि मॅग्नेशियम स्टिअरेट 10. मेटफॉर्मिन नुसतं दाबलं तर गोळीची टोपी उडते, म्हणून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या पीव्हीपीने, म्हणजे बाइंडरने, ग्रॅन्युलेट करायचं, म्हणजे त्याचे दाणे करायचे, आणि 50 अंशांवर वाळवायचं. पाणी वापरायचं नाही. बायकार्बोनेट आणि सायट्रिक, ज्यांच्या वायूवर गोळी तरंगते, ते ग्रॅन्यूल कोरडे झाल्यावरच मिसळायचे, आणि स्टिअरेट अगदी शेवटी, तीन ते पाच मिनिटं. जास्त फिरवलं तर ते कणांवर चढतं, गोळी ओली व्हायला वेळ लावते आणि लॅग टाइम वाढतो. एचपीएमसीचा लॉट मी तपासला. व्हिस्कॉसिटी बरोबर, कणांचा आकार बरोबर. पॉलिमरचा काही दोष नव्हता.

मग गोळ्या 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडऐवजी पीएच 4.5 च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये, म्हणजे बऱ्याच सौम्य आम्लात, टाकल्या. तेच 900 मिलिलिटर, 37 अंश, पॅडल 50 आरपीएमवर. जपून ठेवलेल्या जानेवारीच्या गोळ्या दोन मिनिटांत वर आल्या. मे महिन्यातल्या दहा-बारा मिनिटं तळाशीच होत्या, आणि काही तर आल्याच नाहीत. खालची बाजू जेल होऊन काचेला चिकटली होती, कडेला एखादा बुडबुडा यायचा आणि निसटून जायचा.

जेवण झाल्यावर जठरातलं पीएच काही काळ 4 ते 6 च्या आसपास असतं. 0.1 नॉर्मल अ‍ॅसिड, म्हणजे पीएच 1.2 च्या आसपास, हे उपाशी पोटाचं माध्यम आहे. जेवणासोबत घ्यायची गोळी उपाशी पोटाच्या माध्यमात तपासून पास करणं मला पटत नाही, पण आपल्याकडे सर्रास तेच चालतं. एम.फार्म.च्या प्रबंधांमध्येही लॅग टाइम बहुतेक याच एका माध्यमातला असतो. पुढे सशाचा एक्स-रे असतो. त्यासाठी गोळीत बेरियम सल्फेट घालावं लागतं आणि त्याची घनता साडेचारच्या आसपास. म्हणजे तपासली जाणारी गोळी मूळची राहतच नाही. शिवाय सशाचं जठर सहसा पूर्ण रिकामं होतच नाही, तेव्हा तिथे गोळी थांबली यावरून माणसाबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

सायट्रिक अ‍ॅसिड गोळीत घालतात ते या भरल्या पोटासाठीच. पाणी आत शिरलं की सायट्रिक आणि बायकार्बोनेट जागच्या जागी विरघळतात आणि बाहेर पीएच काहीही असो, आत वायू तयार होतो. सायट्रिक संपलं असेल तर आम्ल बाहेरून झिरपत यावं लागतं. 0.1 नॉर्मलमध्ये ते मुबलक असतं. 4.5 ला ते इतकं हळू येतं की तोवर जेल घट्ट झालेली असते.

आणि या बॅचमध्ये सायट्रिक संपत आलं होतं. हिशोब सोपा आहे. 30 मिलिग्रॅम सायट्रिक सुमारे 39 मिलिग्रॅम बायकार्बोनेट खातं, तरी 80 उरतं. 120 मिलिग्रॅममधून 37 अंशांना साधारण 36 मिलिलिटर वायू निघतो आणि एवढी गोळी वर उचलायला जेलमध्ये पाव मिलिलिटरच्या आसपास अडकला तरी पुरतो. म्हणून तीव्र अ‍ॅसिडमध्ये सव्वा मिनिटात गोळी वर आली आणि सगळ्यांचं समाधान झालं.

हे सिद्ध करायला आम्ल टायट्रेशन चालत नाही. झालेला सोडियम सायट्रेटही आम्ल खातो आणि बायकार्बोनेट आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तयार ब्लेंडचा (दाबण्याआधीच्या मिश्रणाचा) ओलावा 105 अंशांवर बघण्यातही अर्थ नाही, कारण त्या तापमानाला बायकार्बोनेटच फुटतं. पाणी मोजायच्या कार्ल फिशर टेस्टमध्येही ते अडथळा आणतं. म्हणून जुना, साधा मार्ग धरला: दहा गोळ्यांची पूड, तराजूवर अ‍ॅसिडचा फ्लास्क, बुडबुडे थांबेपर्यंत ढवळायचं आणि घटलेलं वजन नोंदवायचं, जोडीला तुलनेसाठी बायकार्बोनेट नसलेल्या पुडीचा ब्लँक. पूर्ण बायकार्बोनेट असेल तर 629 मिलिग्रॅम घट यायला हवी. सायट्रिक सगळं संपलं असेल तर 420 च्या जवळ. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे गोळ्या दाबण्याच्या, सुरुवातीच्या गोळ्या 600 च्या वर होत्या, शेवटच्या 450 च्या खाली.

म्हणजे बिघाड मशीनवर, ब्लेंड भरून ठेवतात त्या हॉपरमध्ये, दुपारी होत होता. नागपूरचा मे म्हणजे अगदी कोरडी हवा, त्यामुळे ओलाव्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. नोंदवहीत आर्द्रता 31 टक्के होती, रोज सकाळी आठला लिहिलेली. दुपारी अडीचला आम्ही हायग्रोमीटर हॉपरशेजारी ठेवला तेव्हा काटा 66 वर. एएचयू, म्हणजे खोलीची हवा थंड-कोरडी ठेवणारं यंत्र, उन्हाळ्यात दम टाकत होता, म्हणून कॉम्प्रेशन रूमचं दार उघडं ठेवून कॉरिडॉरमधल्या कूलरची हवा आत घेतली जात होती.

"कूलर बंद केला त मशीनजवळ उभं राहावत नाही, सर," ऑपरेटर काकाजी म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाहेर 44 अंश, अंगावर गाऊन, टोपी, मास्क. चूक एएचयूची दुरुस्ती पावसाळ्यापर्यंत ढकलणाऱ्यांची होती.

बुडबुडे देणाऱ्या गोळ्यांसाठी आर्द्रता 25 टक्क्यांच्या आत हवी. 50 च्या पुढे निर्जल सायट्रिक ओलावा ओढू लागतं, एचपीएमसीही पाणी धरून ठेवतं. आणि ही रासायनिक क्रिया स्वतःच पाणी तयार करते. 30 मिलिग्रॅम सायट्रिकमागे 8 मिलिग्रॅमहून थोडं जास्त. म्हणजे एकदा सुरुवात झाली की बाहेरून ओलावा यायची गरज राहत नाही. पॅक झाल्यावरही गोळी आतल्या आत खर्च होत राहिली, आणि फॉइल फुगलं ते त्यामुळेच.

रिपोर्ट दिल्यावर पहिला प्रश्न आला की स्पेसिफिकेशनमध्ये नसलेल्या टेस्टवर बॅच कशी अडवता? मधुमेहाचा पेशंट ही गोळी जेवून घेणार आहे आणि ती त्याच्या पोटात तळाशी बसून राहणार आहे, हे समोर दिसत असताना सही करायला मी तयार नव्हतो. आकाराने मोठी आणि फुगलेली असल्यामुळे भरल्या पोटात ती काही वेळ तशीही थांबेल, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण मग तरंगणारी म्हणून ती विकू नये. बॅच रोखली गेली.

आता कॉम्प्रेशन रूमला डीह्युमिडिफायर आहे, आर्द्रतेची नोंद दर तासाला होते, आणि बायकार्बोनेट-सायट्रिक मिसळलेला ब्लेंड त्याच दिवशी दाबून संपवतात. पॅकिंग अलू-अलूमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या ब्लिस्टरमध्ये, गेलं. सायट्रिकच्या जागी ओलावा न धरणारं फ्युमॅरिक अ‍ॅसिड घालून ट्रायल चालू आहे. ते सावकाश विरघळतं, त्यामुळे बारीक चाळणीतून घ्यावं लागतं. लॅग टाइमचे नमुने सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही ठिकाणांहून घेऊन दोन्ही माध्यमांत बघतात. पीएच 4.5 साठी मी पाच मिनिटांची मर्यादा सुचवली आहे, 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत महिनाभर ठेवलेल्या गोळ्यांनाही तीच. युनिटला दहा हवी आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.