रिपरच्या फाइलीत पाहिलेलं किती, वाटलेलं किती

जॅक द रिपरचं, म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या खुन्याचं, प्रकरण वाचायला घेताना 'तो कोण' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि वहीत दोन रकाने आखा. साक्षीदाराने स्वतः पाहिलं-ऐकलं ते एकात, त्याला वाटलं ते दुसऱ्यात. एकाच साक्षीतली दोन वाक्यं दोन रकान्यांत जातात, गल्लत होते ती तिथेच.

८ सप्टेंबर १८८८, हॅनबरी स्ट्रीट, घर क्रमांक २९. रिपरच्या बळींपैकी एक, ॲनी चॅपमन, हिचा मृतदेह सकाळी सहाच्या सुमारास मागच्या अंगणात सापडला. साडेसहाला आलेल्या पोलिसांच्या डॉ. फिलिप्स यांनी सांगितलं, मृत्यू होऊन किमान दोन तास झाले. म्हणजे साडेचार किंवा त्याआधी. पण पावणेपाचच्या सुमारास जॉन रिचर्डसन त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता. त्याला मृतदेह दिसला नाही. शेजारच्या कॅडॉशने सव्वापाचनंतर कुंपणावर काहीतरी आदळल्याचं ऐकलं. साडेपाचला एलिझाबेथ लाँगने ॲनीला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. शेवटच्या दोन वेळा नीट जुळत नाहीत, तरी तिघांचा कल एकाच बाजूला आहे: मृत्यू साडेचारनंतरचा.

डॉक्टर म्हटलं की पारडं आपोआप झुकतं. पण फिलिप्स यांचा अंदाज देहाच्या गारव्यावर आणि ताठरपणावर बेतलेला होता. सकाळ थंड होती आणि रक्तस्राव फार झाला होता, ही पुस्ती त्यांनी स्वतःच जोडली, आणि तीच लोक वगळतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की देह गार होतच नाही. यावरून हा अंदाज हवेवर किती अवलंबून असतो ते कळेल. माझा कौल तिघांकडे.

लाँगबाईंचीही चाळणी करायलाच हवी. त्यांनी त्या पुरुषाचा चेहरा पाहिलाच नव्हता, तरी तो परदेशी वाटला म्हणाल्या. वेळ पहिल्या रकान्यात, परदेशीपण दुसऱ्यात.

लंडनचे पोलीस अधिकारी मॅकनॉटन यांचं, ड्रूइट आणि ऑस्ट्रॉगसह संशयितांची नावं देणारं २३ फेब्रुवारी १८९४चं टिपण जवळजवळ सगळं दुसऱ्या रकान्यातलं. ते पोलिसात आले १८८९ साली, म्हणजे या खुनांनंतर. ड्रूइटला ते डॉक्टर म्हणतात, आणि टिपणाच्या दुसऱ्या एका प्रतीत ४१ वर्षांचा. तो ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शिक्षक होता. ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता. पडताळता येणारं इतकं चुकलंय, मग त्यांच्या 'खासगी माहिती'वर भिस्त कशी ठेवायची?

ॲप्रनचा तुकडा मात्र निःसंशय पहिल्या रकान्यातला. ३० सप्टेंबरच्या पहाटे २:५५ला शिपाई लाँगला तो गोल्स्टन स्ट्रीटवर सापडला आणि त्याच रात्री खून झालेल्या कॅथरीन एडोजच्या अंगावरच्या ॲप्रनशी जुळला. त्याच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर त्याच रात्रीचा, हे कुणीही पाहिलेलं नाही.