कॉमन इव्हनिंग ब्राउन: आईला डोळे नाहीत, पिल्लांना आहेत

पहिल्या पावसानंतर एका फुलपाखराची मोठी तपकिरी मादी माझ्या गवताच्या कुंडीवर अंडी घालून गेली. पंखांची खालची बाजू अगदी सुक्या पानासारखी, पानाची मधली शीरसुद्धा रेखाटलेली, डोळ्यांसारखा ठिपका जवळजवळ नाहीच. मेलॅनायटिस वंश (जवळच्या जातींचा गट) नक्की वाटत होता, पण जात ठरेना. हे फुलपाखरू बसलं की पंख मिटूनच बसतं आणि खरी खूण असते वरच्या बाजूला.

म्हणून अंड्यांपासून वाढवायचं ठरवलं. पात्याखाली चिकटलेली फिकट, गोल अंडी तीन-चार दिवसांत फुटली. सुरवंट शोधणं मात्र वैताग! हिरवं अंग, त्यावर बारीक लव, पात्याला समांतर बसण्याची खोड. पात्याची कुरतडलेली कड आणि खाली पडलेली लेंडी बघायची, मग तो दिसतो. जवळून पाहिलं की डोक्यावर दोन केसाळ शिंगं आणि मागे दुभंगलेली शेपटी. बुशब्राउन या दुसऱ्या तपकिरी फुलपाखरांच्या सुरवंटालाही शिंगं-शेपटी असते, त्यामुळे एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. भाताचं पातंही ते आनंदाने खातात.

कोष हिरवा, गुळगुळीत, उलटा लटकलेला. फुटण्याआधी तो काळपट पडला. फुलपाखरं जाळीच्या पेटीत फडफडताना बर्स्टवर (एका दमात अनेक) फोटो काढले आणि एका फ्रेममध्ये हवं ते सापडलं: पुढच्या पंखाच्या टोकाशी काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके, आतल्या कडेला नारिंगी झाक. मेलॅनायटिस लेडा, म्हणजेच कॉमन इव्हनिंग ब्राउन.

खरी गंमत खालच्या बाजूची. आईचा रंग कोरड्या हंगामाचा, पण पिल्लांच्या पंखांवर बारीक रेघा आणि पिवळ्या कड्यांचे ठळक डोळे, म्हणजे पावसाळी रूप. सुरवंट असतानाच्या हवामानावर, विशेषतः तापमानावर, हे रूप ठरतं. बाहेर आलेलं फुलपाखरू नंतर ते बदलू शकत नाही. कोरड्या हंगामात पाचोळ्यात लपणं महत्त्वाचं, हिरवळीत डोळ्यांनी शत्रूचा वार पंखाच्या कडेवर ओढणं फायद्याचं. त्यामुळे डोळे मोजून या फुलपाखराची जात ठरवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. खालच्या बाजूचा एकच फोटो असेल तर मी नोंद वंशापर्यंतच ठेवतो.

फुलं ठेवली होती, एकानेही ढुंकून पाहिलं नाही. कुजकं केळं ठेवताच संध्याकाळी सगळी त्यावर. पुढच्या अंड्यांचे दोन गट करणार आहे, एक गार खोलीत, एक उबदार जागी.