अठ्ठावन्न फूट केबल

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली ती वस्ती सकाळी सातलाच अर्धी मोकळी झाल्यासारखी वाटत होती. लिंबाखाली ट्रॅक्टर उभा, मागे दोन ट्रॉल्या. त्यांत गोधड्यांची गाठोडी, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री, बाजरीची पोती, पाण्याचे ड्रम, एका खुराड्यात तीन कोंबड्या. मी गाडी लावली आणि आधी ट्रॉल्यांवर नजर फिरवली. मला एक निळी पत्र्याची पेटी शोधायची होती. ती ट्रॉलीत असती तर मुलगी निघाली, असाच अर्थ होता.

पेटी दिसली नाही.

मुलीचं नाव इथे लिहीत नाही. घरात तिला थोरली म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय पंधरा, दहावीत, वर्गात पहिल्या पाचांत. तिचे आई-वडील सतरा वर्षं ऊसतोडीला जातात. दरवर्षी पोरगी आजीजवळ राहायची. या श्रावणात आजी गेली आणि सगळा हिशोबच बदलला.

ऊसतोडीच्या पट्ट्यात काम न केलेल्यांना वाटतं, पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं की झालं. मला एकही बाप असा भेटलेला नाही ज्याला ते पटलेलं नव्हतं. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत हे लोक सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरकडच्या फडांत असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेले असतात. थोरलीच्या वडिलांनी एक लाख वीस हजार घेतले होते. आजीच्या दवाखान्यात आणि दिवसकार्यात ते कधीच संपले. आता ते फेडल्याशिवाय गाव दिसणार नाही, एक दिवस बुडाला तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो. पंधरा वर्षांची मुलगी सोबत असली तर पहाटे भाकरी ती थापते, धाकट्या दोघांना सांभाळते, मोळ्या उचलते. तिच्या नावावर उचल नसते. तिच्या कामाचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

लहान मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वर्षांपर्यंत. मुलगी नववीत गेली की कायद्याचा हात सुटतो, आणि नेमकी तेव्हाच आई-बापाची काळजी वाढते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहं निघाली, त्यांत आमच्या काही मुली शिकल्याही. यंदा मी दोनदा जाऊन आले, यादी भरलेली होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या, असं सुचवणारे भेटतात. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या मुलीने अभ्यास कोणत्या वेळी करायचा, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.

आठवडाभर आधी मी तिच्या वडिलांशी बोलले होते. वह्या, गाईड, सायकल, परीक्षा फी, सगळं आमची संस्था बघेल, असं मी म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, शाळंचं सोडा. शाळा हाय, मास्तर चांगले हाईत. मला रातीचं सांगा."

"रातीचं म्हणजे भाऊ?"

"राती कडी वाजली तर हिनं कुणाला हाक मारायची?"

मला उत्तर देता आलं नाही. चुलतीचं घर समोरच, पण मध्ये ओघळ आहे आणि त्या एका खोलीत आधीच पाच माणसं, त्यात सुनेचं दीड महिन्याचं बाळ. तिथे निजायला जागाच नाही. चुलतीची नऊ वर्षांची मुलगी थोरलीजवळ झोपेल, एवढं ठरत होतं. पण नऊ वर्षांच्या लेकराचा आधार तो केवढा.

आणि ते आणखी एक बोलले. "तीन सालामागं तुमी असाच शब्द दिला व्हता."

खरं होतं. पलीकडच्या गावातली एक मुलगी. तिला नातेवाइकांकडे ठेवून घेतलं, मी महिन्याला धान्य पोचवत होते. जानेवारीत नातेवाइकांनी अंग काढून घेतलं. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. मुलगी तोवर एकटी राहत होती. कुणीतरी फडात काहीबाही कळवलं, बाप हंगाम सोडून धावत आला आणि तिचं लग्न उरकून टाकलं. वय सोळा. ग्रामसेवकाला सांगायला, मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरवर, १०९८ ला, फोन करायला मी पोचले तेव्हा मांडव उतरला होता. तो दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही, जाऊही नये.

तर त्या सकाळी मी एक कागद घेऊन गेले होते. चुलतीला दरमहा धान्य आणि थोडे पैसे, मुख्याध्यापकांची सही, माझा नंबर, दर दोन दिवसांनी भेट. या वेळी दिवस ठरवून लिहिले होते. वडिलांनी तो सगळा वाचला. चौथी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट ठेवून वाचत होता. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"कागद चांगला हाय. पर राती कागद उठून येतो का?"

तेवढ्यात आतून थोरलीची हाक आली. "आण्णा, जरा आत या. ताई, तुमीपण."

निळी पेटी घरातच होती. कोपऱ्यात उभी करून तिच्यावर फवारणीच्या पंपातली बारा व्होल्टची जुनी बॅटरी ठेवलेली. बॅटरीपासून एक काळी केबल भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवत अंथरुणाच्या उशापर्यंत आणलेली, तिथे दाराच्या बेलचं साधं बटण. तिथून केबल आढ्याखालून बाहेर, लिंबाच्या फांदीवरून ओघळ ओलांडून चुलतीच्या दारावर. तिथे मोटारसायकलचा हॉर्न.

"दाबा," ती म्हणाली.

वडिलांनी बटण दाबलं. समोरच्या घरावर असा आवाज उठला की लिंबावरचे कावळे उडाले. चुलती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं गं?"

आमच्या संस्थेत आठवड्यातून एक दिवस आयबीटीचा, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाच्या ओळखीचा, वर्ग असतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे रुजलेली ही पद्धत. मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, आहार-आरोग्य सगळं थोडं थोडं स्वतःच्या हातांनी करून बघायचं, आणि शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर. आमचे निदेशक मोटारी रिवाइंड करतात. मुली सहसा शिवणकाम मागतात, किंवा घरचे त्यांना ते मागायला लावतात. थोरलीने पहिल्या दिवसापासून टेस्टर धरला. दहावीनंतर आयटीआयला दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन करायचा, हे तिचं ठरलेलं आहे. त्यासाठी दहावी पास व्हावीच लागते.

बॅटरी निदेशकांच्या दुकानातल्या भंगारातली, हॉर्नही तिथलाच. आठवडाभर रोज संध्याकाळी ती हे जुळवत होती आणि मला कुणीच बोललं नव्हतं. पहिल्यांदा तिने घरात असलेली बारीक वायर टाकली तर हॉर्न नुसता घुरघुरला. मी विचारलं, मग?

"वायर लांब आन् बारीक, ताई. रोध वाढला. नववीत हाय ना धडा. मग बोअरमधली जुनी केबल काढली, ती जाड. अठ्ठावन्न फूट लागली."

हे ती पाठ केलेलं उत्तर सांगितल्यासारखं बोलली नाही. आमटीत मीठ कमी पडलं होतं, मग घातलं, असं सांगावं तसं बोलली.

वडील खाली बसले. त्यांनी केबलवरून हात फिरवत प्रत्येक जोड चाचपला.

"लाईट गेल्यावर?"

"बॅटरीवर हाय आण्णा. लाईटीचा संबंध न्हाई. पंपाचं चार्जर हाय, हप्त्याला एकदा लावायचं."

ते उठले, ओघळ उतरून चुलतीच्या घरी गेले, आत जाऊन दार लावून घेतलं. आतून ओरडले, "आता दाब!" तिने दाबलं. बाळ रडायला लागलं. ते परत आले. मुकादम ट्रॅक्टरवरून हाका मारत होता, त्याला संध्याकाळच्या आत बालाघाट उतरून पुढं जायचं होतं. वडिलांनी तिकडे बघितलंही नाही.

"अन् कुणी वायर तोडली तर?"

थोरली गप्प झाली. मीही. हा प्रश्न कुठल्याच बापाला विचारावा लागू नये, असं मला त्या क्षणी फार वाटलं. ती खाली बघत म्हणाली, "मग मी वरडंन, आण्णा."

कुणी काही बोललं नाही. तिची आई इतका वेळ ट्रॉलीजवळ दोऱ्या आवळत होती, सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ती आली, लेकीकडे बघितलं, परत गेली. ट्रॉलीत चढली. बाजरीचं एक पोतं तिने कडेला ओढलं, खाली उतरून पाठीवर घेतलं आणि घरात आणून पेटीशेजारी ठेवलं. मग तव्यांतला धाकटा तवा आणला. मग तिखटाची बरणी.

वडिलांनी ते सगळं पाहिलं. माझ्या हातातला कागद मागून घेतला आणि खिशात ठेवला. "दर दोन दिसाला म्हणलाव ताई. दोनच दिसाला."

"दोनच दिवसांनी, भाऊ."

ट्रॅक्टर सुटला तेव्हा थोरली लिंबाखाली उभी होती. धाकटा भाऊ ट्रॉलीतून तिच्याकडे बघून रडत होता, तिने हात केला आणि घरात जाऊन बटण दाबलं. हॉर्नच्या आवाजाने तो रडता रडता हसला.

मी ठरल्याप्रमाणे जाते. एकदाच खंड पडला, मला ताप होता, तर निदेशक गेले. थोरली पहाटे अभ्यास करते, चुलती दूध देते. जानेवारीत एका रात्री सव्वानऊला मला फोन आला. सांगलीकडच्या फडातून तिचे वडील बोलत होते. "ताई, आज आवाज दबका येतोय." मला आधी कळेचना. मग समजलं की ते रोज रात्री नऊला चुलतीच्या फोनवर फोन करतात, चुलती फोन घेऊन दारात येते, थोरली आपल्या घरातून बटण दाबते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साचलं होतं. तिनेच गरम पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन ते घासून काढलं, व्हॅसलिन लावलं.

दहावीची परीक्षा आता तोंडावर आली आहे. परवा मी वस्तीवरच मुक्कामाला होते. नऊला फोन वाजला, चुलती बाळाला काखेत घेऊन दारात आली आणि फोन हॉर्नच्या दिशेने वर धरला. हॉर्न दोनदा वाजला. पलीकडून ते म्हणाले, "ऐकू आला. झोपा आता."